जिद्द पुरे झाली!

मराठी भाषेत सध्या सर्वांत स्वस्त झालेला शब्द कोणता, असे मला कोणी विचारले, तर क्षणाचाही विलंब न लावता मी 'जिद्द' असे उत्तर देईन. एके काळी हा शब्द मानाचा होता. जपून वापरला जाई. आता तो हार-नारळाबरोबर फुकट मिळतो. शाळेचे स्नेहसंमेलन असो, पतपेढीचा गुणगौरव समारंभ असो, नाही तर एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस असो, पाहुणा उठतो, माइकवर दोनदा टिचकी मारतो आणि समोर सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या पोरांना सांगतो, "बाळांनो, परिस्थितीचा बाऊ करू नका. जिद्द असली की सर्व काही होते!" पोरे टाळ्या वाजवतात. पाहुण्याची गाडी धुरळा उडवीत निघून जाते. परिस्थिती मात्र जागच्या जागी बसलेली असते, सतरंजीवर.

हा शब्द छापून विकण्याचाही आता मोठा धंदा झाला आहे. चाळीस-पन्नास पानांच्या, गुळगुळीत मुखपृष्ठाच्या त्या चोपड्या तुम्ही पाहिल्याच असतील. उसाचा रस काढतात तसे जगातल्या कर्तृत्ववान माणसांना चरकात घालून त्यांच्यातून फक्त जिद्द तेवढी गाळून घ्यायची आणि चिपाड फेकून द्यायचे, असा त्यांचा खाक्या. मध्यंतरी अशा चोपड्यांचा एक गठ्ठा मुलांसाठी भेट म्हणून माझ्या हाती आला. देणाऱ्याचे नाव सांगत नाही. त्याची बुद्धी चांगलीच होती. त्यातली एक बेल्जियमचा जगज्जेता सायकलपटू एडी मर्क्स याच्यावर होती. "एका सामान्य मुलाने केवळ जिद्दीच्या बळावर जग जिंकले," हे तिचे पहिले वाक्य आणि हेच शेवटचेही.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे नायक खरा कसा उभा करतात आणि खोटा कसा उभा करतात एवढे मला कळते. मर्क्सवरची ती चोपडी खोटी आहे. तिच्यातल्या तारखा बरोबर आहेत, आकडे बरोबर आहेत. आणि तरी ती खोटी आहे. कारण तिने त्या माणसाच्या चरित्रातून किराणा दुकान गाळले आहे.

ते कसे, हे सांगण्यासाठी मर्क्सचे चरित्र मला माझ्या पद्धतीने सांगावे लागेल. वाचकांनी थोडा धीर धरावा.

युरोपातले महायुद्ध संपून सव्वा महिना होतो न होतो, तोच 17 जून 1945 रोजी मेन्सेल-कीझेगेम नावाच्या खेड्यात हा मुलगा जन्मला. पुढल्याच वर्षी त्याचे वडील ज्यूल आणि आई जेनी यांनी ब्रसेल्सच्या वोलुवे-सेंट-पिएर या उपनगरात किराणा मालाचे दुकान घेतले, आणि पोराचे सारे बालपण त्या दुकानाच्या आसऱ्याने गेले. वाचकहो, या दुकानापाशी मला घटकाभर थांबू द्या. किराणा दुकान म्हणजे श्रीमंती नव्हे, हे मला कळते. बाप पहाटे उठत असणार, आई दिवसभर गल्ल्यापाशी उभी असणार. परंतु किराणा दुकान म्हणजे पोराच्या ताटात रोज दोन वेळा गरम अन्न. किराणा दुकान म्हणजे पोर मोठे होईपर्यंत न बदलणारा घराचा पत्ता. तीन-चार वर्षांच्या मुलाला स्वतःची सायकल घेऊन देण्याइतकी ऐपत, आणि ती त्याने दारापुढच्या रस्त्यावर दिवसभर फिरवली तरी तो चिरडला जाणार नाही असा रस्ता. चोपडीत या सगळ्याला एक ओळ आहे. त्यानंतर लगेच जिद्द सुरू होते.

माझ्या शाळेच्या हजेरीपटाची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहा. शहापूर काय, मुरबाड काय, आमच्या या दोन्ही तालुक्यांत दिवाळीनंतर पट पातळ होऊ लागतो. हा अंक तुमच्या हाती पडेल, तुम्ही चकलीचा तुकडा मोडून पहिले पान उलटाल, तेव्हा आमच्या कातकरी वाड्यांतून बिऱ्हाडे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघण्याच्या बेतात असतील. डोक्यावर भांडी, काखेत कोंबडी, मागून पोरे. ती परततात पाऊस तोंडावर आल्यावर. त्या पोरांत एखादा मर्क्स नाही, असे कोण छातीठोक सांगेल? पायांत ताकद म्हणाल तर अशी की, मी सायकल हातात धरून ज्या चढावर धापा टाकतो, त्यावर ही पोरे हाफ पायडल मारीत दुसऱ्या पोराला कॅरिअरवर घेऊन गाणे म्हणत जातात. परंतु ज्याचा पत्ता वर्षातून दोनदा बदलतो, त्याच्या जिद्दीने राहायचे कुठे?

असो. मर्क्सकडे वळू. 16 जुलै 1961 रोजी लाकेन येथे तो पहिल्या शर्यतीत उतरला आणि सहावा आला. 1 ऑक्टोबर 1961 रोजी पेती-आँगिएँ येथे तो पहिल्यांदा जिंकला. मधल्या अडीच महिन्यांविषयी चोपडी म्हणते, "पराभवाने तो खचला नाही." नसेल खचला. परंतु मला पडतो तो प्रश्न निराळाच आहे. या पोराला हरण्यासाठी इतक्या शर्यती मिळाल्या कुठून?

याचे उत्तर बेल्जियमच्या गावोगावच्या जत्रांत आहे. आपल्याकडे जत्रेला कुस्त्यांचा फड लागतो, तसा तिकडे गावच्या जत्रेला सायकलींचा फड लागतो. गावाभोवतीचाच रस्ता, त्यावर फेऱ्यांवर फेऱ्या, दारांदारांतून उभी माणसे, आणि बक्षीस म्हणून थोडीफार रोकड. आज या गावी, उद्या त्या गावी, असे उन्हाळाभर चालते. देश केवढा? आपल्या महाराष्ट्राच्या एक दशांश! तेवढ्या भुईवर इतक्या शर्यती की, पोराने सकाळी घरून निघावे, शर्यत हरावी आणि रात्री जेवायला परत यावे. 1962 मध्ये लिब्रामाँ येथे तो नवोदितांचा राष्ट्रीय विजेता झाला. 1965 मध्ये व्यावसायिक होण्यापूर्वीच त्याच्या नावावर ऐंशी विजय होते. जिंकलेल्या शर्यती ऐंशी. मग हरलेल्या किती असतील, आणि भरवलेल्या किती? ज्या गावकऱ्यांनी त्या भरवल्या, ज्यांनी रस्त्यावर गवताच्या पेंढ्या रचल्या, ज्यांनी वहीत नावे टिपली, त्यांचे चरित्र कुणी लिहीत नाही.

शिवाय पोराला शिकवायला होता फेलिसियाँ फेर्वाके. हा स्वतः 1938 च्या 'तूर द फ्रान्स'मध्ये दुसरा आलेला, आणि 1935 व 1937 मध्ये डोंगरांचा राजा ठरलेला. म्हणजे शिकाऊ पोराच्या मागे देशातल्या एका अव्वल माणसाचा डोळा. आमच्याकडे खेळाचा तास बहुधा गणिताच्या मास्तरांकडे असतो, आणि ते त्या तासाला गणितच शिकवतात. त्यांचाही दोष नाही. अभ्यासक्रम पुरा कुणी करायचा?

1964 साली सालांश येथे मर्क्स हौशी खेळाडूंचा जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी टोकियोच्या ऑलिंपिकला गेला. तिथे रस्त्यावरच्या शर्यतीत तो बारावा आला. आता एक गोष्ट ऐका. त्याच टोकियोला भारताचे सायकलपटूही गेले होते. 1948 च्या लंडनला आपले खेळाडू होते. त्यांत मुंबईचे पारशी तरुण बरेच होते. 1952 च्या हेलसिंकीला होते. 1964 च्या टोकियोला होते. आणि त्यानंतर 2024 च्या पॅरिसपर्यंत ऑलिंपिकच्या सायकल शर्यतीत एकही भारतीय उतरलेला नाही. साठ वर्षे! या साठ वर्षांत एवढ्या मोठ्या देशात कुणाला जिद्दच नव्हती, असे पाहुण्यांना म्हणायचे आहे काय?

यापुढचा मर्क्स म्हणजे डोळे दिपवणारा प्रकार आहे आणि तो सांगताना मीही वाहवत जातो. 1969 चा 'तूर द फ्रान्स' घ्या. बेल्जियमने ती शर्यत 1939 नंतर जिंकलेली नव्हती. चोवीस वर्षांचा हा पोरगा पुढे होताच. त्याला धोका पत्करण्याचे काही कारण नव्हते. तरीही पिरेनीज पर्वतात, मूराँच्या टप्प्यावर, तो सुमारे 140 किलोमीटर एकटा पुढे गेला आणि बाकीच्यांपेक्षा जवळजवळ आठ मिनिटे आधी पोचला. एकूण विजेत्याचा पिवळा सदरा त्याचा, गुणांचा हिरवा सदरा त्याचा, डोंगरांच्या राजाचा मानही त्याचाच. दुसऱ्या क्रमांकाच्या पेंजाँला त्याने सतरा मिनिटे चोपन्न सेकंद मागे टाकले. ती शर्यत पॅरिसला संपली 20 जुलै रोजी. त्याच दिवशी माणूस चंद्रावर उतरला. बेल्जियममध्ये त्या दिवशी मोठी बातमी कोणती मानली गेली असेल, याची मला शंका आहे. इतरांसाठी काहीच शिल्लक न ठेवणाऱ्या या खादाडाला क्रिस्तियाँ रेमों या फ्रेंच सायकलपटूच्या लहान मुलीने 'नरभक्षक' म्हटले, आणि ते नाव चिकटले ते कायमचे. पाच वेळा 'तूर द फ्रान्स', पाच वेळा इटलीचा 'जिरो', 1973 मध्ये स्पेनची 'वुएल्ता', व्यावसायिकांचे जगज्जेतेपद तीनदा, आणि एकूण सव्वापाचशे विजय! 1972 च्या ऑक्टोबरात मेक्सिको शहराच्या विरळ हवेत त्याने तासाभरात 49.431 किलोमीटर अंतर तोडले.

हे सारे वाचून पाहुणा म्हणेल, "बघा, एकटा माणूस काय करू शकतो!" आणि इथेच खोटेपणाचा कळस होतो. रस्त्यावरची सायकल शर्यत हा एकट्याचा खेळ नव्हेच. वारा हा तिथला खरा शत्रू. पुढच्या सायकलीच्या आडोशाने जाणाऱ्याचे श्रम सुमारे तिसऱ्या हिश्शाने वाचतात. म्हणून प्रत्येक नायकासाठी सात-आठ जण वारा खात पुढे चालतात, मागच्या मोटारीतून त्याच्यासाठी पाणी आणतात, त्याची सायकल पंक्चर झाली तर स्वतःचे चाक काढून देतात आणि रस्त्याकडेला उभे राहतात. फ्रेंच भाषेत त्यांना घरगडी अशाच अर्थाचा शब्द आहे. मर्क्सच्या पाठीशी आधी कॉफीची यंत्रे बनवणारी 'फाएमा' होती, मग मांसाचे पदार्थ विकणारी 'मोल्तेनी'. म्हणजे पगार होता, यंत्रकामगार होते, मालीशवाला होता, डॉक्टर होते. मेक्सिकोत त्याने जी सायकल चालवली ती एर्नेस्तो कोल्नागो याने बनवलेली होती आणि तिचे वजन पावणेसहा किलो होते. आमच्या मुलींना सरकारी योजनेतून मिळणारी सायकल मी एकदा उचलून माळ्यावर चढवली आहे. तिचे वजन मी इथे लिहीत नाही.

गाळलेले आणखीही बरेच आहे. 1969 च्या 'जिरो'मध्ये तो आघाडीवर असताना सावोना येथे उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत सापडला आणि त्याला शर्यतीतून काढण्यात आले. आपण निर्दोष आहोत असे तो सांगत राहिला. परंतु 1973 मध्ये आणि 1977 मध्येही चाचण्या त्याच्या विरुद्ध गेल्या. त्याच 1969 च्या सप्टेंबरात ब्लुआ येथे बंदिस्त धावपट्टीवर भीषण अपघात झाला. त्याच्यापुढे मोटारसायकल चालवणारा फेर्नां वाँब्स्त जागीच गेला, आणि मर्क्सच्या कमरेला अशी दुखापत झाली की डोंगर चढताना ती पुढे त्याला जन्मभर छळत राहिली. चोपडीत अपघात आहे, कारण त्यातून जिद्द निघते. मेलेला माणूस नाही, कारण त्यातून काही निघत नाही. उत्तेजक तर नाहीच नाही. मुलांना असे सांगू नये म्हणे! मला वाटते, मुलांना हेच सांगावे. सव्वापाचशे शर्यती जिंकणाऱ्या माणसावरही असे डाग असतात, हे कळल्याने पोरे बिघडत नाहीत. आमच्या पोरांनी याहून पुष्कळ वाईट पाहिलेले असते.

माझ्यावर आरोप होईल की हा मास्तर जिद्दीचा द्वेष करतो. मुळीच नाही. 1975 मध्ये पुई द डोमच्या चढावर एका प्रेक्षकाने मर्क्सच्या पोटात ठोसा मारला, पुढे पडून त्याच्या गालाचे हाड मोडले, डॉक्टरांनी घरी जा म्हटले. तरी तो पॅरिसपर्यंत गेला आणि दुसरा आला. यापुढे मी हात जोडतो. परंतु हा ठोसा खायला तो पुई द डोमपर्यंत पोचला होता! त्याला तिथवर नेणारा रस्ता होता. रस्ता न देता जिद्द मागणे म्हणजे विहीर न खणता पोहरा विकणे होय.

आपल्या मराठी मुलखातही नावे आहेत. नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे डॉक्टर बंधू 2015 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत जोडीने पुरी करून आले. नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी 2017 मध्ये तीच शर्यत एकट्याने पुरी केली आणि 2018 मध्ये सैबेरिया ओलांडणारी नऊ हजार किलोमीटरांहून लांब शर्यतही. पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी 159 दिवसांत 29,000 किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीला वळसा घालून आली. या माणसांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु नीट पाहा: तीन डॉक्टर, आणि एक विलायतेत शिकणारी मुलगी. त्यांनीही आपापल्या परीने किराणा दुकान आधी मिळवले, किंवा त्यांच्या आईबापांनी ते मिळवून ठेवले होते. त्यात लाज कसली? लाज आहे ती दुकान लपवण्यात.

खाशाबा जाधवांचेच पाहा ना! 1952 मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले, ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या जिद्दीची म्हणून सांगतो. पण कोल्हापुरात तालमी होत्या, शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधलेले खासबाग मैदान होते, गोळेश्वरच्या घरात कुस्ती होती. आणि प्रवासाला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. घर गहाण टाकणारा प्राचार्य भाषणात का येत नाही? कारण तो आला की ऐकणारा पाहुण्यालाच विचारील, "साहेब, आपण काय गहाण टाकता?"

कविता राऊत हिच्याविषयी तर मी हे कानांनी ऐकले आहे की, डोक्यावरून पाणी वाहून वाहून तिचे पाय तयार झाले. वा! म्हणजे पाण्याचा दुष्काळ हीच क्रीडासंस्था ठरली. नाशिकला विजेंदर सिंग यांनी तिला वर्षानुवर्षे पळवले, तेव्हा 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ती पदकापर्यंत पोचली. पाणी वाहून पाय तयार होत असते, तर आमचा शहापूर तालुका एव्हाना पदकांनी मढला असता. तानसा आमची, 1892 पासून मुंबईला पाणी पाजते. भातसा आमची. त्या जलवाहिन्या ज्यांच्या शिवारातून जातात, त्यांच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. त्या रांगेत उभी असलेली सातवीतली मुलगी शाळेत येत नाही. तिला जिद्दीवर भाषण द्यायला कुणाला जायचे असेल, तर मी रस्ता दाखवायला तयार आहे. सायकलीने यावे लागेल.

2026 च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात मोठी आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. तिच्यासाठी रस्ते गुळगुळीत झाले, परदेशी खेळाडू आले. उत्तम झाले. त्यावर नाक मुरडण्याचे मला कारण नाही. परंतु जत्रेतल्या शर्यती जिथे नाहीत तिथे मोठी शर्यत म्हणजे पाहुण्यांनी येऊन पाहुण्यांना हरवणे. इतकी वर्षे मास्तरकी केली, पण मुरबाड किंवा शहापुरात शाळकरी पोरांची रस्त्यावरची सायकल शर्यत मी पाहिलेली नाही. रविवारी पहाटे मुंबई-ठाण्याकडचे शिरस्त्राणधारी सायकलस्वार आसनगावावरून कसाऱ्याच्या घाटाकडे जातात, ते पाहतो. आमची पोरे त्यांच्या मागून थोडे अंतर पायडल मारतात, मग चेन पडते.

म्हणून मी एक साधी मागणी करतो. गुणगौरव समारंभाचा एका वर्षाचा खर्च वाचवून तेवढ्यात शर्यत भरवा. अंतर पंधरा किलोमीटर, सायकल कसलीही चालेल, दांड्याची असो की बिनदांड्याची. मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. दोन तास त्या रस्त्यावरची डंपरची वाहतूक थांबवा. बक्षीस पहिल्या दहांना, आणि ते पुष्पगुच्छ नव्हे: टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर. पंक्चरवाल्याला दिवसाची मजुरी देऊन बसवा. मला कुणी सुचवले, म्हशाच्या जत्रेला ठेवा, गर्दी आयती मिळेल. मी नको म्हटले. म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. तोवर आमची अर्धी वाडी वीटभट्टीवर गेलेली असते. शर्यत दसऱ्याच्या आसपास ठेवावी. तेव्हा भात कापणीला आलेले असते, पोरे घरी असतात, आणि रस्त्यावरचे खड्डेही पावसाच्या पाण्यातून वर आल्याने दिसू लागतात.